मापसाहेब काट्यावर चढतात

दुकानदाराचा काटा खोटाच असतो, या एका श्रद्धेवर मापसाहेबांचा संसार उभा होता. ते वजनमापे खात्यातले निरीक्षक. हातात प्रमाण वजनांची पेटी, पिशवीत काट्यांना शिक्का मारायची तार, शिसं आणि शिसं दाबायची पक्कड, आणि चेहऱ्यावर असा भाव की समोरच्या किराणावाल्याला न केलेलं पापही आठवावं. बाजारात त्यांना तोंडावर मापसाहेब म्हणत ते आदरानं, आणि पाठीमागे म्हणत ते हसत. कारण जगाची मापं काढत हिंडणाऱ्या या गृहस्थांचं स्वतःचं माप घ्यायचं म्हणजे शिंप्याला टेप धरायला दुसरा माणूस बोलवावा लागे.

साहेब लठ्ठ होते. 'अंगानं भरलेले', 'खात्यापित्या घरचे' वगैरे शब्द आपण नातेवाइकांसाठी सोडून देऊ. लठ्ठ होते, लहानपणापासून होते, आणि बायकोपेक्षा दोन घास कमीच खात होते. बायको गणिताची शिक्षिका. फळ्याजवळ उभी राहिली तर खडू कुठला आणि बाई कुठली हे मागच्या बाकावरून कळू नये. पण या दोन घासांच्या हिशेबावर बायको सोडली तर जगात कोणाचाही विश्वास नव्हता. साहेब लपूनछपून खातात अशी शेजारच्या काकूंची ठाम समजूत होती, आणि ती सिद्ध करण्यासाठी त्या अधूनमधून वाटीभर साखर मागायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात डोकावून जात.

भानगड सुरू झाली ती एका किराणा दुकानात. साहेबांनी नेहमीसारखं काट्यावर वजन ठेवलं, वाकून सुईकडे पाहिलं, आणि तबकडीवरच्या बारीक रेघा मुंग्यांसारख्या चालायला लागल्या. त्यांनी चष्मा पुसला. मुंग्या चालतच होत्या. शेवटी आयुष्यात कधी केलं नाही ते त्यांनी केलं. दुकानदारालाच विचारलं, "किती दाखवतोय हो?" दुकानदार या प्रश्नानं इतका हादरला की त्यानं खरा आकडा सांगितला आणि दंड भरून मोकळा झाला.

"चष्म्याचा नंबर चुकलाय," साहेबांनी घरी येऊन जाहीर केलं. ज्याला बाजारातला प्रत्येक काटा खोटा वाटतो, त्याला स्वतःचं शरीर तेवढं खरं वाटतं.

"नंबर नाही चुकला," बायको म्हणाली. "पाण्याच्या बाटल्या भरून भरून माझे हात दुखायला लागलेत. सारखं पाणी, सारखं बाथरूम. अहो, ही साखर आहे. उद्या रजा टाका आणि दवाखान्यात चला."

 साहेबांच्या आईला साखरेनंच आंधळं केलं होतं. शेवटी शेवटी ती मुलाचा चेहरा हातानं चाचपायची आणि म्हणायची, "वाळलास रे." उभ्या आयुष्यात त्यांना वाळलास म्हणणारी ती एकच बाई. ती आठवली आणि साहेब मनापासून घाबरले. डोळे गेलेला निरीक्षक म्हणजे तळ नसलेलं मापटं.

आता माणूस घाबरला की त्यानं दार लावून घ्यावं. साहेबांनी उघडं ठेवलं, आणि वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर आत आले. पोस्टमास्तरांनी हयातभर दुसऱ्यांची पत्रं पोचवली. आता ते दुसऱ्यांचे सल्ले पोचवत.

"दवाखाना कशाला?" ते म्हणाले. "उलटं चाला! सरळ चाललं की साखर पायात उतरते. उलटं चाललं की जागच्या जागी जिरते. माझ्या साडूनं केलंय."

"आता कसे आहेत साडू?"

"मांडीचं हाड मोडलंय. पण साखर नाही!"

साहेब इमारतीच्या आवारात उलटे चालले. चार पावलं बरी गेली. पाचव्याला ते शेजारच्या काकूंच्या कुंड्यांमध्ये बसले. कुंड्यांचं नाव घेऊ नये अशी अवस्था झाली. काकू साखरेची वाटी हातात घेऊनच धावत आल्या, आणि एका कुटुंबाशी असलेले जुने संबंध मोगऱ्याच्या एका रोपावरून संपले. झालं हे बरंच झालं म्हणायचं, कारण दुसऱ्याच दिवशी बायकोनं साहेबांना दंडाला धरून साखरेच्या दवाखान्यात नेलं.

दवाखान्याच्या दाराशीच एक सिस्टर टेबल मांडून बसल्या होत्या. आत डॉक्टरीणबाईंची खोली. त्या दाराच्या वर ठळक अक्षरात पाटी: 'वजन नोंदवल्याशिवाय पेशंटला आत सोडू नये.' आणि पाटीखाली एक गोल तबकडीचा, उभं राहायचा काटा. सिस्टर वाईट नव्हत्या. त्यांचा आवाज तेवढा वाईट होता. लांबच्या बाकावरच्या कानानं अधू माणसापर्यंत नाव पोचवता पोचवता तो तसाच वर राहून गेला होता.

"बसा खुर्चीत, आधी प्रेशर."

साहेब बसले. खुर्चीला हात होते, ही गोष्ट त्यांना बसताना जाणवली आणि उठताना कळली, कारण खुर्चीही उठली. बायकोनं मागून ओढून ती सोडवली. मग सिस्टरांनी दंडाला प्रेशरचा पट्टा गुंडाळला. पट्टा फुगला, फुगला, आणि चर्रर्र करून सुटला. परत लावला, परत चर्रर्र. बाकावरचं एक पोर टाळ्या वाजवायला लागलं.

"राहू दे प्रेशर. काट्यावर चढा."

साहेब चढले. सुई निघाली, तबकडीचा अख्खा फेरा मारून शेवटच्या खिळ्यावर खट्‌कन आपटली आणि तिथेच थरथरत राहिली.

"अगंबाई! काट्यात बसतच नाही की हो तुम्ही!" सिस्टर ओरडल्या. कानानं अधू असलेल्या माणसानंही मान वर केली.

"मग आता?" बायकोनं विचारलं.

"मग काय, आधी थोडं कमी करून या. काट्यात बसलात की नोंद होईल. नोंद झाली की डॉक्टर बघतील."

"आणि कमी कसं करायचं?"

"ते डॉक्टर सांगतील ना!"

ही व्यवस्था ऐकून बायकोमधली गणिताची शिक्षिका क्षणभर थक्क होऊन बघत राहिली. पण साहेबांचं तिकडे लक्षच नव्हतं. भर दवाखान्यात, टाळ्यांच्या गजरात, एका काट्यानं त्यांचा अपमान केला होता. काट्यानं! ज्याच्या अख्ख्या जातीनं त्यांच्यापुढे चळचळा कापावं, त्यानं! ते हळूच खाली वाकले. तबकडीच्या मागे बोट फिरवलं. खात्याचं शिसं तिथे नव्हतं. परत फिरवलं. शिसं सोडा, शिसं असल्याची जुनी खूणही नव्हती.

"पडताळणी कधी झालीय याची?" साहेबांचा आवाज बदलला. तो बाजारातला आवाज होता.

"कसली पडताळणी? माणसं मोजतो आम्ही यावर, कांदेबटाटे नाही."

पुढचं जे झालं ते साहेबांनी केलं की त्यांच्या हातांनी, हे सांगणं कठीण आहे. हात सवयीनं बरोबर आणलेल्या पिशवीत गेले. तार निघाली. काट्याच्या पोटातून आरपार गेली. शिसं बसलं, पक्कड कच्चकन दाबली गेली. "वापरास बंद," साहेब म्हणाले, आणि ताठ उभे राहिले. बऱ्याच दिवसांनी त्यांना बरं वाटलं.

पण फार वेळ नाही. कारण दवाखान्यात काटा एकच होता, आणि पाटी तीच होती. वजन नाही, तर आत नाही. बाकावरच्या रांगेनं पाटीकडे पाहिलं, शिशाकडे पाहिलं आणि मग सगळ्यांनी मिळून साहेबांकडे पाहिलं.

"अहो काढा ते!" सिस्टर म्हणाल्या.

"असं काढता येत नाही. आधी परवानाधारक दुरुस्तीवाला काटा तपासणार. मग त्या भागाचा निरीक्षक येऊन पडताळणी करणार."

"मग बोलवा त्या निरीक्षकाला!"

"मीच तो. पण मी आज रजेवर आहे."

"रजेवर आहात," बायको शांतपणे म्हणाली, "तर मग शिक्का कसा मारलात?"

साहेबांच्या कपाळावर घाम आला. रजेवरच्या निरीक्षकानं मारलेला शिक्का बेकायदेशीर, आणि तो बेकायदेशीर आहे हे ठरवायचा अधिकारही निरीक्षकालाच. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. दोघं मागच्या दारानं निघाले. जाता जाता साहेबांना कोपऱ्यात स्टुलावर बसलेली एक धिप्पाड शिवणबाई दिसली. गळ्यात टेप, एका पायाला फडकं बांधलेलं. ती नुसती त्या शिसं मारलेल्या काट्याकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी युक्ती काढली. काट्यात बसत नाही ना? मग बसेल त्या काट्यावर चढू. धान्याच्या गोदामात पोती तोलायचा भला मोठा काटा होता आणि त्याची पडताळणी खुद्द साहेबांची होती. गोदामवाल्याला दरवर्षी साहेबांपुढे हात जोडून उभं राहावं लागे. आज साहेब काट्यावर आणि तो आकड्यापाशी, असा योग आलेला पाहून त्याचे डोळे पाणावले.

"खिसे रिकामे करा साहेब. किल्ल्या, पाकीट, सगळं. वजनात लबाडी नको, तुम्हीच शिकवलंय. हलू नका! पोतं हलतं का कधी?"

मग त्यानं पावती फाडायला घेतली. "मालाच्या रकान्यात काय लिहू? नाशवंत लिहू?"

"काही लिहू नका."

"रिकामा रकाना चालत नाही, गेल्या वर्षी तुम्हीच दंड केला होतात. 'किरकोळ' लिहितो."

अशा रीतीनं एक क्विंटल बेचाळीस किलो किरकोळ मालाची पावती घेऊन मापसाहेब दवाखान्यात परतले. बायको बरोबर होतीच. शाळेत तिनं अर्धी रजा टाकली होती, आणि अर्ध्या रजेत पूर्ण भांडण करायची तिची तयारी होती.

दवाखान्यात हाहाकार होता. कालची रांग आणि आजची रांग अशा दोन्ही रांगा आपापल्या बाकांवर ठाण मांडून बसल्या होत्या आणि मध्ये तो शिसं मारलेला काटा, एखाद्या रुसलेल्या पाहुण्यासारखा. साहेबांना पाहताच कोणीतरी म्हणालं, "आला बघा!" यातला एकेरी उल्लेख साहेबांनी गिळला.

सिस्टरांनी पावती उलटसुलट पाहिली. "क्विंटलमध्ये नाही चालत. आणि बाहेरचं वजन तर मुळीच नाही. तुम्ही आधी ते शिसं काढा."

"आज रजा नाही, अधिकार आहे," साहेब म्हणाले. "पण दुरुस्तीवाल्याचा दाखला लागेल."

"दाखला!" कोपऱ्यातून आवाज आला. शिवणबाई स्टुलावरून उठल्या होत्या. "साहेब, तुमचा दाखला तुम्हाला लखलाभ. मी दोन वर्षांनी आले हो इथे. दोन वर्षांपूर्वी माझ्याही वेळी हा काटा असाच खट्‌कन वाजला होता. या बाई अशाच ओरडल्या होत्या. सगळे हसले. मी घरी गेले ती परत आलेच नाही. आता पायाची जखम भरत नाही, मशीनवर पाय ठेवला तर खालचं पेडल लागत नाही. काय कळतच नाही पायाला. काल मन घट्ट करून आले, तर काट्यालाच कुलूप! काटा उघडा असला तरी आम्ही बाहेर, बंद असला तरी बाहेर. मग आत कोण जातं ते तरी सांगा."

कोणीही हसलं नाही. टाळ्या वाजवणारं पोरही आईच्या पदरात तोंड खुपसून बसलं. साहेबांना फार वाईट वाटलं. काल त्यांना आपला अपमान तेवढा दिसला होता. हा एवढा मोठा माणूस आपल्यासारखाच अवघडून कोपऱ्यात बसलाय, हे दिसूनही दिसलं नव्हतं.

"आणा," ते सिस्टरांना म्हणाले. "शिक्का चुकून मारला असं लिहून देतो. पुढे खातं माझं काय करायचं ते करो."

सिस्टरांनी कोरा कागद आणि पेन पुढे केलं. साहेबांनी चार ओळी खरडल्या, झोकदार सही केली आणि कागद परत दिला. सिस्टर बघतच राहिल्या. अर्धी सही कागदावर होती, अर्धी टेबलावर.

"साहेब," सिस्टरांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "मी किती बोटं धरलीत?"

"वजनमापे निरीक्षकाला बोटं विचारता?" साहेब म्हणाले, आणि बारकाईनं बघून उत्तर दिलं, "चार."

सिस्टरांनी दोन धरली होती.

आणि इतक्यात आतलं दार उघडलं. डॉक्टरीणबाई स्वतः बाहेर आल्या! त्या बाहेर आलेल्या कोणीच कधी पाहिल्या नव्हत्या. येणारा माणूस आत जात असे. पण कालपासून आत कोणीच गेलं नव्हतं. बाईंचं टेबल आवरून झालं, खिडकीतली झाडं मोजून झाली, आणि शेवटी सगळ्या गावाची साखर एका रात्रीत उतरली की काय म्हणून बघायला त्या उठल्या होत्या.

"सिस्टर, पेशंट नाहीत का आज?"

सिस्टरांनी मुकाट्यानं दोन्ही रांगांकडे हात केला.

"मग आत का नाही सोडत?"

"वजन नाही ना. पाटी आहे."

"कोणी लावली ही पाटी?"

"तुम्हीच, बाई. नव्या आलात तेव्हा."

बाईंनी वर पाहिलं. दाराच्या आत बसणाऱ्याला दाराबाहेरची पाटी कशी दिसणार? पण चूक लगेच पदरात घेईल तो डॉक्टर कसला. त्या साहेबांकडे वळल्या, त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि सवयीनं म्हणाल्या, "वजन मात्र कमी करायला हवं हं तुम्हाला."

अर्ध्या रजेवरच्या बायकोची वेळ झाली होती.

"बाई," ती म्हणाली, "हे त्यांना आमच्या शेजारच्या काकू सांगतात, पोस्टमास्तर सांगतात, काल खुर्चीनंही सांगितलं. फुकट सांगतात सगळे. तुमच्याकडे आम्ही डोळे दाखवायला आलोय. काटा कमी पडला तर गोदामवाला मोठा काटा आणतो. पोत्याला घरी पाठवत नाही, की जा बाबा, बारीक होऊन ये. यांची आई आंधळी होऊन गेली. यांना ती भीती वाटते, आणि हे कोणालाच सांगत नाहीत. आता मी सांगितलं."

साहेबांनी मान खाली घातली.  डॉक्टरीणबाईंनी सिस्टरांचं स्टूल ओढलं, त्यावर चढल्या आणि आपल्या हातानं पाटी काढली. खिळा निघाला नाही, म्हणून साहेबांनी पिशवीतून पक्कड दिली.

"चला आत," बाई म्हणाल्या. "आधी पायाला फडकं बांधलंय त्या बाई. मग तुम्ही."

साहेबांचा नंबर लागला. रक्त घेतलं, डोळ्यांत बत्ती मारली, पायाच्या बोटांना कापूस लावून लागतंय का विचारलं. मांडीच्या मापाचा मोठा प्रेशरचा पट्टा कपाटातून निघाला. तो आल्यापासून तिथेच होता, फक्त कपाट आत होतं आणि पेशंट बाहेर. साखर भलतीच वर होती. बाईंनी औषधं लिहून दिली, खाण्याचं सांगितलं ते बायकोला न सांगता साहेबांना सांगितलं, आणि म्हणाल्या, "साखर उतरली की हे अंधुक दिसणं बरंचसं निवळेल. डोळ्याचा पडदा तपासून घेऊ, पण वेळेत आलात असं दिसतंय. एवढे दिवस का थांबलात?"

 डोळे निवळतील एवढंच साहेबांना ऐकू आलं होतं. बाहेर आल्यावर ते जिन्यात उभे राहून रुमालानं चष्मा पुसत राहिले, आणि बायको रुमाल भिजेपर्यंत दुसरीकडे बघत राहिली.

खात्यानं साहेबांना लेखी ताकीद दिली. पोस्टमास्तरांनी ताकिदीला काय उत्तर द्यावं याचा सल्ला दिला. काकूंना मोगऱ्याचं नवं रोप दिलं गेलं, आणि त्या साखर मागायला परत येऊ लागल्या; आता घरात साखरच नसते याचा त्यांना मनस्ताप झाला. काही आठवड्यांनी तबकडीवरच्या मुंग्या हळूहळू जागच्या जागी थांबल्या आणि पुन्हा रेघा झाल्या. पहिल्या दिवशी साहेबांनी त्या आनंदात एका निरपराध दुकानदाराचा काटा तीन वेळा तपासला.

मग दवाखान्यातून कार्यालयात निरोप आला. नवा काटा आलाय, रुंद पाट्याचा, पोती तोलतात तसा. पडताळणीला निरीक्षक पाठवा.

साहेब पेटी घेऊन गेले. बिनहातांच्या दोन खुर्च्याही आल्या होत्या. त्यांनी एकेक वजन ठेवलं, चष्मा न पुसता आकडा वाचला, तार ओवली, शिसं दाबलं. बाकावरून शिवणबाई बघत होत्या. पायाचं फडकं जाऊन तिथे स्वच्छ पट्टी आली होती.

"या बाई, तुम्हीच पहिल्या," सिस्टर म्हणाल्या.

शिवणबाई काट्यावर चढल्या. डोळे घट्ट मिटले. खट्‌ आवाज झाला नाही. सिस्टरांनी सवयीनं छाती भरून घेतली, तोंड उघडलं, आणि दोन्ही बाकांनी कान टवकारले.

"एक मिनिट," साहेब म्हणाले. हा बाजारातला आवाज होता. त्यांनी काट्याच्या दांड्यावरची, आकडा दाखवणारी पेटी दोन्ही हातांनी धरली आणि रांगेकडे पाठ करून शिवणबाईंच्या समोर फिरवली. "खात्याचा नियम आहे सिस्टर. आकडा गिऱ्हाइकाला दिसला पाहिजे. बाजाराला नाही."

सिस्टरांनी तोंड मिटलं. शिवणबाईंनी एक डोळा उघडला, मग दुसरा. आकड्याकडे नीट पाहिलं, गळ्यातला टेप सारखा केला.

"बरं," त्या म्हणाल्या. "जाऊ मी आत?"